१६ वर्षांचं गिऱ्हाईक, साडेसात लाखांची बाकी. नोटीस पाठवू का?

फॅब्रिकेशन_कुपवाड
१३ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. पण गेले दोन महिने एकच गोष्ट डोक्यात आहे. घरात तेच तेच बोलून आता घरच्यांनाही त्रास व्हायला लागलाय, म्हणून इथं मांडतो. जरा मोठं होईल.

माझा फॅब्रिकेशनचा धंदा. शेड, ट्रस, रॅक, गेट, जिने. सांगली, मिरज, कुपवाड एमआयडीसी, तासगावपर्यंत कामं असतात. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. २००९ पासून त्यांच्याकडचं लोखंडाचं प्रत्येक काम मी केलंय. नाव लिहीत नाही, आणि कुणी ओळखलंच तर कृपा करून इथं लिहू नका. मी त्यांना अण्णा म्हणतो. ते मला अजून 'पोरा' म्हणतात, माझं वय ४७ आहे तरी.

या १६ वर्षांत वर्क ऑर्डर म्हणून एक कागद झाला नाही. दर तोंडी ठरायचा, काम व्हायचं, काटापावत्या जोडून बिल द्यायचो आणि महिन्या-दीड महिन्यात पैसे यायचे. कधी घासाघीस झालीच तर चहा घेऊन शेवटचे पाच-सात हजार सोडायचे, एवढंच.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा शामरावनगरमधलं माझं वर्कशॉप पाण्याखाली होतं. तीन वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल, सगळ्यात गाळ. अण्णांनी न मागता ५० हजार दिले आणि जुन्या गोडाऊनचा एक खण दोन महिने वापरायला दिला. ते पैसे मी पुढच्या कामात वळते केले. पण नोटिशीचं नाव काढलं की मला तो गाळ आठवतो आणि हात थांबतो.

आता काम सांगतो. मागच्या ऑक्टोबरात त्यांनी गोडाऊनमध्ये लोखंडी माळा आणि रॅक उभारायला सांगितले. दर ९८ रुपये किलो, मटेरियल, उभारणी आणि रेड ऑक्साइडचा एक हात धरून. वजनकाट्यावर १४,२६० किलो भरलं. डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आला. गाडी भरायला लागली होती, बेदाण्याचे बॉक्स डॉकवर मांडलेले, आणि वरून पाणी. अण्णा छत्री धरून उभे होते. म्हणाले, "पोरा, इथं आधी छत टाक, माल भिजायलाय." मी त्याच दुपारी डॉकवर खडूनं खुणा मारल्या आणि दहा दिवसांत छत उभं केलं. १,८६० किलो. दर तोच धरला, वेगळा विचारलाही नाही.

२८ डिसेंबरला फायनल बिल दिलं. माळा आणि रॅक १३,९७,४८०, छत १,८२,२८०, मिळून १५,७९,७६०. वर १८ टक्के जीएसटी. आतापर्यंत ११ लाख आले. टीडीएस १५,७९८ वजा केला तर बाकी राहते ७,४८,३१९. जीएसटी मात्र मी जानेवारीतच भरून मोकळा झालोय, स्वतःच्या खिशातून.

एप्रिलमध्ये त्यांच्याकडे नवीन इंजिनिअर आले. त्यांनी ड्रॉइंगवरून सेक्शन वेट काढलं, म्हणजे काट्यावर न घालता हिशेबानं काढलेलं वजन, ते १३,१२० किलो. म्हणजे १,१४० किलो 'जास्त लावलेत'. आणि छताबद्दल म्हणाले की ते ऑर्डरमध्येच नाही. ऑर्डर कुठं होती, ते मलाही कळलं नाही. तेव्हापासून सगळंच अडकलं. अण्णांना फोन केला की म्हणतात, "बघू रे, सौदे होऊ देत." माझ्याकडचे दोन फिटर आणि एक हेल्पर यांची दीड महिन्याची मजुरी थकली आहे. एका फिटरच्या मुलीची डिप्लोमाची फी भरायची आहे. त्यानं मागितले नाहीत, म्हणून जास्त वाईट वाटतं.

वकिलामार्फत नोटीस पाठवू का? पाठवली तर १६ वर्षं संपली. नाही पाठवली तर पोरांना काय सांगू?

माणदेशी_गडी
१३ जुलै, रात्री १०:१५

दादा, नोटीस घाईनं नको. पण फोनही नको. फोनवर माणूस 'बघू' म्हणतो आणि आपण गप्प बसतो. सकाळी आठला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसा, मुनीम यायच्या आधी. जुन्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं.

कृष्णाकाठ
१३ जुलै, रात्री १०:५२

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? असेल तर ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे की. पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. आणि १८० दिवसांत बिल भागवलं नाही तर त्यांना जीएसटीचं क्रेडिटही (तुमच्या बिलावरच्या जीएसटीची घेतलेली वजावट) परत करावं लागतं. बिल २८ डिसेंबरचं म्हणजे १८० दिवस २६ जूनलाच संपले. त्यांच्या सीएला एवढं कळवा, आपोआप पैसे येतील.

हिशेबतपासणीस
१४ जुलै, सकाळी ७:३०

वरचा सल्ला चांगल्या मनानं दिलाय, पण या कामाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. चुकीचा धाक दाखवला तर समोरचा सीए तुमचं बाकीचं म्हणणंही हलकं धरेल, म्हणून सांगते.

आयकराचं ४३ बी चं ते कलम खर्चाच्या वजावटीबद्दल आहे. माळा आणि छत म्हणजे भांडवली खर्च. ते तो खर्च मालमत्तेत धरणार आणि त्यावर घसारा घेणार, त्यामुळे ती वजावट अडण्याचा प्रश्न इथं येत नाही. जीएसटीचंही तसंच. इमारतीला कायमचं जोडलेलं बांधकाम असेल तर त्याचं क्रेडिट मुळातच बंद आहे. जे क्रेडिट घेतलंच नाही ते परत करायचा प्रश्न नाही. सुटे रॅक यंत्रसामग्रीत बसतील का यावर वाद होऊ शकतो, पण त्या वादात तुम्ही पडू नका.

तुमच्या हातात याहून चांगली गोष्ट आहे. तुमचं २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा तक्ता) उघडा आणि त्यांनी टीडीएस किती रकमेवर कापलाय ते बघा. १५,७९८ हे १५,७९,७६० चे बरोबर १ टक्का होतात. म्हणजे छतासकट पूर्ण बिल त्यांच्या वहीत जमा धरलं गेलंय. 'छत ऑर्डरमध्ये नाही' असं एप्रिलमध्ये म्हणणाऱ्यांनी त्याच छतावरचा टीडीएस आधीच सरकारात भरलाय.

आणखी एक. तुमच्या आकड्यांत वादाची रक्कम किती? १,१४० किलोचे १,११,७२० आणि छताचे १,८२,२८०. बेरीज २,९४,०००. जीएसटी धरून ३,४६,९२०. तुमच्या बाकीतून ती काढली तर ४,०१,३९९ उरतात, आणि त्या चार लाखांवर कुणाचाच आक्षेप नाही. ते का थांबलेत? आधी तेवढेच मागा. पत्रात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

फॅब्रिकेशन_कुपवाड
१४ जुलै, दुपारी १:२०

ताई, आत्ता जेवणाच्या सुट्टीत २६एएस काढून बघितलं. तीन नोंदी आहेत, बेरीज बरोबर १५,७९,७६०. हे मला एवढ्या महिन्यांत सुचलं नाही. आणि चार लाख वेगळे काढून मी कधी मागितलेच नव्हते. मी दर वेळी 'सगळे द्या' म्हणत होतो आणि ते दर वेळी इंजिनिअरकडे बोट दाखवत होते.

एक_कारखानदार_मिरज
१४ जुलै, सायंकाळी ६:०५

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस आहे, म्हणून त्या बाजूनं काय असू शकतं ते सांगतो. राग मानू नका.

माळा आणि रॅकसाठी त्यांनी बँकेचं टर्म लोन घेतलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर बँक एस्टिमेटप्रमाणे आणि इंजिनिअरच्या सर्टिफिकेटवर पैसे सोडते. डिसेंबरात पावसात सांगितलेलं छत त्या एस्टिमेटमध्ये कुठून असणार? मग ते पैसे मालकाला कॅश क्रेडिटमधून, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जातून, द्यावे लागतात, आणि बेदाण्याच्या धंद्यात कॅश क्रेडिट बहुतेक वेळा तोंडापर्यंत भरलेलं असतं. इंजिनिअर तुमच्याविरुद्ध नसेल, तो बँकेला दाखवायचा आकडा जुळवत असेल. विचारून बघा.

मालकानं गप्प राहणं मात्र चूकच. मीही एकदा असं केलंय. आमच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनला तीन महिने 'बघू' म्हणत राहिलो, कारण माझ्याकडे पैसे नव्हते आणि ते त्याला सांगायची लाज वाटत होती. शेवटी तो आला आणि माझ्या समोर बसून रडला. तो दिवस मी विसरलेलो नाही. तुमच्या अण्णांचंही तसंच असू शकतं.

वजनाचं म्हणाल तर काट्यावरचं वजन आणि सेक्शन वेट कधीच जुळत नाही. इंजिनिअर बहुतेक मेंबरची लांबी गुणिले मीटरचं वजन करतो. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो, असं. त्यात बेसप्लेट, गसेट, क्लीट (खांबाखालच्या आणि सांध्यांवरच्या प्लेटा, तुकडे) धरले होते का?

तारमिस्त्रीण_सातारा
१४ जुलै, रात्री ९:१०

मी साताऱ्यात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंग बघते. आधी हे बघायचे, ते गेल्यावर मी.

यांच्या हातची एक बाकी होती, २ लाख १० हजार. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे, अगदी घरोबा असलेल्या. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ यायचा. हे म्हणायचे, 'देतील, कुठं जातात.' हे गेले, मी कागद चाळायला घेतले तर काम संपून तीन वर्षं आणि दोन महिने झाले होते. मधल्या काळातलं त्यांच्या हातचं एक अक्षर नव्हतं, पाच रुपये आल्याची नोंद नव्हती. वकिलांनी कागद बघितले आणि परत दिले. त्या घरचा फराळ त्या वर्षीही आला. मी तो घेतला, कारण मुलं समोर होती.

दादा, तुम्ही फिटरच्या मुलीच्या फीबद्दल लिहिलंत ते वाचून मला झोप येणार नाही. पत्र लिहाच. पत्र लिहिणं म्हणजे भांडण नव्हे. तुम्ही काम केलंय, त्याचे पैसे आहेत. २०१९ चे ५० हजार तुम्ही फेडलेत, आणि ते अण्णांनाही माहीत आहे.

वकील_विजयनगर
१५ जुलै, सकाळी ८:४५

ताईंचा अनुभव प्रत्येकानं लक्षात ठेवावा. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपायच्या आत देणेकऱ्यानं लेखी कबूल केलं किंवा स्वतःच्या सहीनं किंवा बँकेतून काही रक्कम दिली, तर तिथून मुदत नव्यानं मोजली जाते. धागाकर्त्यांची मुदत सरळ धरली तरी डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण झोपायचंही नाही.

छताबद्दल. लेखी ऑर्डर नाही म्हणून पैसे नाहीत, असं कायदा म्हणत नाही. करार तोंडीही होतो. आणि तोही सिद्ध झाला नाही तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० आहे. फुकट करायच्या हेतूनं न केलेलं काम समोरच्यानं घेतलं आणि त्याचा फायदा उपभोगला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. ते छत आजही डॉकवर आहे, त्याखाली गाड्या भरतात. अण्णांशी छताबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काही बोलणं असेल तर तो फोन विकू नका, रीसेट करू नका. कोर्टात त्या चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन जपलेला असेल तर ते सोपं जातं.

एमएसएमई कायद्याबद्दल सावध सांगतो. २००६ चा तो कायदा सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मोठा आधार आहे. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. जुलै २०२५ मध्ये बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे १७.२५ टक्के झाले. पण मटेरियल आणि उभारणी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं एकाहून अधिक निकालांत म्हटलंय. तुमचं काम नेमकं तसंच आहे. तिथं अर्ज करण्याआधी तुमच्या वकिलाला हा मुद्दा विचारा, नाहीतर वर्षभर जाऊन पहिल्या पायरीवर याल.

दाव्यापर्यंत गेलंच, तर रक्कम ३ लाखांच्या वर आहे, म्हणजे व्यावसायिक वाद. त्यात तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलंय. त्या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजत नाहीत. म्हणजे दोघांनी एका टेबलाशी बसणं तसंही ठरलेलंच आहे. मग ते गोडाऊनमध्येच का होऊ नये? माझं मत: आधी स्वतःच्या लेटरहेडवर साधं पत्र द्या, वकिलाची नोटीस नंतर. पत्रात संयुक्त मोजमाप मागा.

हिशेबतपासणीस
१५ जुलै, सकाळी ९:२०

वकीलसाहेबांशी सहमत. एवढंच जोडते की टीडीएसची नोंद एकटी पुरावा म्हणून पुरेल असं धरू नका, बाकीच्या कागदांसोबत तिला वजन येतं.

आणि बोलणी सुरू झाली की 'बिल कमी करून दे, वरचे रोखीत घे' असं कुणीतरी सुचवेल. घेऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला लागतो. खरोखर काही कमी करायचं ठरलं तर क्रेडिट नोट, म्हणजे बिल तेवढं कमी केल्याचा कागद, काढा. मागच्या आर्थिक वर्षातल्या बिलासाठी जीएसटीत ती यंदा ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते.

फॅब्रिकेशन_कुपवाड
२० जुलै, रात्री ११:००

पत्र दिलं. दीड पान झालं. बायकोनं वाचून दोन वाक्यं काढायला लावली, ती रागाची होती. बिनवादाचे ४,०१,३९९ आधी मागितले, वजनासाठी एकत्र मोजमाप मागितलं आणि छताची तारीख लिहिली. २६एएसची प्रत जोडली. स्वतः नेऊन दिलं आणि मुनीमकाकांकडून पोच घेतली. अण्णांनी माझ्यासमोर वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तू मला पत्र लिहिलंस?" मी म्हणालो, "अण्णा, तोंडानं आठ वेळा सांगून झालं." ते काही बोलले नाहीत. चहाही आला नाही. घरी येईपर्यंत मला भरून येत होतं.

तारमिस्त्रीण_सातारा
२१ जुलै, सकाळी ६:५०

चहा परत येईल. तुम्ही बरोबर केलंत.

फॅब्रिकेशन_कुपवाड
१० ऑगस्ट, रात्री ८:३०

सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून लिहितो.

पत्र दिल्यावर बाराव्या दिवशी ४ लाख आरटीजीएसनं आले. त्याच संध्याकाळी पोरांची मजुरी दिली.

काल मोजमाप झालं. इंजिनिअर, मी, मुनीमकाका आणि नंतर अण्णा. कारखानदार दादांनी म्हटलं तसंच निघालं. इंजिनिअरच्या शीटमध्ये बेसप्लेट नव्हत्याच. एक प्लेट ३०० बाय ३००, जाडी १२ मिलिमीटर, वजन ८.४८ किलो. खांब ३६. झाले ३०५ किलो. गसेट आणि क्लीट मिळून २६८. म्हणजे ५७३ किलो त्यांनी जागेवर मान्य केले. माणूस सरळ आहे, मी उगाच त्याच्यावर डाफरलो होतो. टर्म लोनचंही खरं होतं. छत एस्टिमेटमध्ये नाही म्हणून त्याला ते सर्टिफाय करता येत नव्हतं.

आणि माझी एक चूक निघाली. मोजणी चालू असताना माझ्याच डायरीत जपून ठेवलेली एक काटापावती सापडली. कापून उरलेले तुकडे मी परत नेले होते, त्याची. २४० किलो. बिलातून ते वजा करायचे राहिले होते. मी ती पावती स्वतःच काढून टेबलावर ठेवली. त्याची क्रेडिट नोट उद्या काढतोय, जीएसटी धरून २७,७५३ रुपये ६० पैसे. अण्णांनी पावती हातात घेऊन बराच वेळ बघितली.

वादातल्या १,१४० मधले राहिले ३२७ किलो. पूर्ण वजनाच्या सव्वादोन टक्क्यांहून थोडं जास्त. माझं म्हणणं, कारखान्यात लोखंडाच्या रोलिंगमध्ये वजनात एवढा फरक पडतोच. इंजिनिअर म्हणाला, मानकात किती चालतो ते बघून सांगतो. ते ३२,०४६ रुपये आणि वरचा जीएसटी अजून अधांतरी आहेत.

छताचं मी काही बोलायच्या आधी अण्णाच डॉकवर गेले. खांबाला हात लावून इंजिनिअरला म्हणाले, "हे मीच सांगितलं होतं याला. पाऊस पडत होता." मोजमापाच्या कागदामागं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की छताचे पैसे जीएसटीसह दसऱ्यानंतर, १५ ऑक्टोबरच्या आत देतो. खाली सही केली. बेसप्लेट आणि गसेटचे मात्र याच महिन्यात द्यायचं ठरलंय.

निघताना म्हणाले, बेदाण्याचे दोन मोठे व्यापारी सहा महिने थकले होते, तुला काय तोंड दाखवू असं झालं होतं. मी म्हणालो, एवढं जरी सांगितलं असतंत तरी मी पोरांना थांबवलं असतं. मग चहा मागवला.

वकील_विजयनगर
१० ऑगस्ट, रात्री ९:०५

त्या कागदाचा दोन्ही बाजूंचा फोटो आजच काढा आणि अण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून 'मिळालं' एवढं उत्तर घ्या. मूळ कागद काटापावत्यांच्या डायरीत ठेवू नका, वेगळ्या फाइलला लावा. पुढच्या वर्षीही नदीला पाणी येणार आहे, फाइल वरच्या मजल्यावर ठेवा.

फॅब्रिकेशन_कुपवाड
१० ऑगस्ट, रात्री ९:४०

ठेवली. फोटो पाठवला, अण्णांचं उत्तर आलं: "मिळालं पोरा."